घरची कणगी आणि देशाचा हिशेब



पूर्वी सोयरीक जुळवायची म्हणजे मुलीकडची चार माणसं आधी मुलाचं घर बघून यायची. "घर कसं आहे?" या प्रश्नाचं उत्तर पैशात कुणी देत नसे. दावणीला जनावरं किती, कणगीत ज्वारी कुठवर, पाणी किती लांबून आणावं लागतं, माळवद पक्कं आहे का, रोजच्या भाकरीला कालवण असतं का, हे बघून जाणती माणसं घराची ऐपत ओळखत. त्यातली एखादी मावशी पाणी प्यायच्या निमित्तानं चुलीपर्यंत जाऊन येई आणि ओसरीवर बसलेल्या गड्यांपेक्षा जास्त काही ओळखून परत येई.

आपला देशही आपल्या घरांची ऐपत अशीच बघतो. ठरावीक वर्षांनी सरकारी माणसं देशभरातल्या निवडक घरांत जातात, बसतात, विचारतात आणि लिहून घेतात. याला पाहणी म्हणतात, कुणी सर्वेक्षण म्हणतं. कुणाच्या दाराला हे लोक आले की आपल्याकडे पहिली शंका हीच येते की, "रेशन कार्ड काढून घ्यायला तर आले नाहीत ना?" म्हणून आज आम्ही मोडनिंबच्या आणि आसपासच्या गटांतल्या बायकांसाठी हा विषय घेतला आहे. ही पाहणी नेमकं काय मोजते, कशी मोजते, त्यावर काय ठरतं, आणि त्यात आपली गरज कुठे लागते, ते क्रमाने बघू.

कमाई का विचारत नाहीत?

पहिला प्रश्न असा की, घराची ऐपत काढायची तर सरळ कमाई विचारावी. खर्च कशाला विचारायचा? पगारदाराला कमाई विचारली तर तो एका आकड्यात सांगेल. पण आपल्या भागात ती सांगता येते का? डाळिंबाला एका वर्षी भाव लागतो, पुढच्या वर्षी तेल्या रोग येतो. खुरपणीची मजुरी आठ दिवस मिळते, पुढचे पंधरा दिवस मिळत नाही. कमाई अशी वर-खाली होते. पण चूल रोज पेटते. कमाई नसलेल्या महिन्यातही घर काहीतरी शिजवतं. म्हणून घर कसं जगतं हे कळायला, घरात काय खाल्लं, काय वापरलं, कशावर खर्च झाला, हे विचारणं जास्त भरवशाचं असतं.

हे उगीच म्हटलेलं नाही. त्याचा एक मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे इक्रिसॅट नावाची कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ साली सहा गावं निवडली. त्यातली दोन सोलापूर जिल्ह्यातली: आपल्या शेजारच्या मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापूर तालुक्यातलं कळमण. प्रत्येक गावात चाळीस घरं घेतली. दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची दहा-दहा. संस्थेचा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरांत जाऊन हिशेब लिहायचा. हे काम सलग दहा वर्षं चाललं, आणि पुढे २००१ सालापासून पुन्हा सुरू झालं. जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी या वह्यांवरून अभ्यास केले.

त्यातून दिसलं ते आपल्या ओळखीचं आहे. एखाद्या वर्षी घराची कमाई घसरली, तरी त्या घराचं खाणंपिणं तेवढ्या प्रमाणात घसरत नव्हतं. साठवलेलं धान्य, उसनवारी, कर्ज, शेवटी दावणीचा बैल विकणं, अशा वाटांनी घरं तग धरत होती. एका अभ्यासात तर असं आढळलं की, ज्या घरांची कमाई जास्त वर-खाली होते, ती घरं लेकी लांबच्या गावी देतात. आपल्याकडे पाऊस नाही झाला तरी व्याह्यांच्या गावी झालेला असतो. सोयरीक हीसुद्धा दुष्काळातली एक ठेव असते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पुस्तकात ते नंतर आलं.

शितावरून भाताची परीक्षा

शिरापूर-कळमणचं काम खोल होतं, पण थोड्या गावांपुरतं. सगळ्या देशाचा अंदाज घ्यायचा तर वेगळी पद्धत लागते. स्वातंत्र्यानंतर देशाचं उत्पन्न किती हेच नीट माहीत नव्हतं. ते काढायला १९४९ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, आणि सभासदांत आपल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. माहितीची उणीव भरून काढायला १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत अठराशेच्या वर खेडी घेतली होती. तेव्हापासून या पाहणीच्या फेऱ्या होत आल्या आहेत.

"आमच्या घरी तर कुणी आलं नाही, मग आमचा हिशेब कसा लागला?" असं कुणीही विचारेल. भात शिजला का हे बघायला आपण सगळं पातेलं उपसत नाही, चार शितं दाबून बघतो. आडतीवरही व्यापारी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मूठभर धान्य काढतो आणि भाव करतो. फक्त एक अट असते. शितं नुसती वरची घेऊन चालत नाही, आणि पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवला असेल तर व्यापारी फसतो. म्हणून पाहणीत गाव चिठ्ठी टाकल्यासारखं निवडतात. कुणाच्या ओळखीनं नाही. निवडलेल्या गावात आधी घरांची यादी करतात, मग गरीब-श्रीमंत सगळ्या थरांतली घरं येतील असे गट पाडतात, आणि त्यातून पुन्हा चिठ्ठीच्या पद्धतीनं घरं काढतात.

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षाच्या कुटुंब खर्च पाहणीत देशातली ८,७२३ खेडी आणि शहरांतले ६,११५ भाग घेतले. एका गावात अठरा घरं. मिळून २ लाख ६१ हजारांवर घरं झाली. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, तेवढीच मोठी पाहणी पुन्हा झाली. ज्या अठरा घरांत पाहणीवाले येतात, ती घरं हजारो घरांच्या वतीनं बोलत असतात.

काय विचारतात?

या पाहणीत चारशेच्या आसपास वस्तूंची यादी होती. एका बैठकीत एवढं सांगणं कुणालाही जड जातं. म्हणून या वेळी तीन वेगवेगळ्या भेटी ठेवल्या: एक खाण्याच्या वस्तूंची, एक साबण, वीज, सरपण, प्रवास, शाळा, दवाखाना अशा खर्चांची, आणि एक कपडे, भांडी, पंखा, मोबाईल, गाडी अशा टिकाऊ वस्तूंची.

आठवण किती दिवसांची विचारायची, यालाही पद्धत आहे. भाजी, फळं, तेल, अंडी, मटण यांचा हिशेब गेल्या सात दिवसांचा विचारतात, कारण महिनाभराची भाजी कुणाच्या लक्षात राहते? धान्य-डाळींचा महिन्याचा विचारतात. कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च, या गोष्टी क्वचित होतात, म्हणून त्यांचा वर्षाचा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. विकत घेतलेलंच सांगायचं असं नाही. घरच्या शेतातली ज्वारी, घरच्या म्हशीचं दूध, परसातली शेवग्याची शेंग, हे सगळं धरतात आणि शेतमालाला गावात मिळणाऱ्या भावानं त्याची किंमत लावतात. रेशनचं फुकट धान्य किती खाल्लं हेही लिहून घेतात. "आम्ही काही विकत आणत नाही हो, घरचंच आहे," असं म्हणून विषय संपवला, तर कागदावर आपलं घर उपाशी दिसतं.

आकडे काय सांगतात?

२०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१४५ रुपये निघाला, फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत सोडून. शहरी महाराष्ट्रात तो ७,३६३ रुपये होता. पाच माणसांचं खेड्यातलं घर धरलं, तर महिन्याला २०,७२५ रुपये.

ऐकून कुणी म्हणेल, "आमच्याकडे कुठे एवढा खर्च होतो!" बरोबर आहे. सरासरीचा स्वभावच तसा असतो. पाच घरं घ्या. एका घरात माणशी दहा हजार, बाकी चार घरांत माणशी अडीच हजार. घरांत माणसं सारखीच असतील तर सरासरी चार हजार येते. त्या पाचांत चार हजार खर्चणारं घर एकही नाही. म्हणून सरासरी ऐकली की लगेच विचारायचं: वरच्यांचं किती, खालच्यांचं किती?

दुसरा आकडा खाण्याच्या वाट्याचा. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली दाखवून दिलं की, घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात खाण्याचा वाटा मोठा. आपल्या देशातल्या खेड्यांत १९९९-२००० साली शंभर रुपयांतले ५९ रुपये खाण्यावर जात. २०२३-२४ मध्ये ४७ रुपये जात होते. नुसत्या धान्यावरचा खर्च तर २२ रुपयांवरून ५ रुपयांवर आला. त्याचं एक कारण रेशनचं स्वस्त आणि आता फुकट धान्य. आणि आता खाण्याच्या खर्चात सगळ्यांत मोठा वाटा कशाचा? पेयं आणि तयार पदार्थांचा, शंभरातले जवळपास दहा रुपये. मुलांच्या हातातली पाच-दहा रुपयांची पुडी त्या आकड्यात बसलेली आहे.

पण इथेही सावध राहायचं. खाण्याचा वाटा घटला म्हणजे घर सुधारलंच असं नाही. एखाद्या घरात ऑपरेशन झालं, कर्ज काढून दीड लाख भरले, तर त्या वर्षी खाण्याचा वाटा आपोआप लहान दिसतो. आकडा खरा असतो, पण त्याचा अर्थ त्या घरातल्या बाईलाच विचारावा लागतो.

माप एकच हवं

पाहणी एकदा करून भागत नाही. पोराचं वजन अंगणवाडीत एकदाच केलं तर ते वाढतं आहे का कळेल? दर महिन्याला करावं लागतं, आणि काटाही तोच लागतो. देशाचंही तसंच. १९९९-२००० च्या पाहणीत खाण्याच्या वस्तूंसाठी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, असे दोन्ही प्रश्न एकाच भेटीत विचारले. उत्तरं एकमेकांत मिसळली. त्यामुळे गरिबी खरोखर किती कमी झाली आणि किती नुसती मापाच्या फरकानं कमी दिसली, यावर अर्थतज्ज्ञांत वर्षानुवर्षं वाद झाला. २०१७-१८ ची पाहणी झाली, पण माहितीच्या दर्जाचं कारण देऊन सरकारनं तिचे निकाल प्रसिद्ध केले नाहीत. म्हणजे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३. मधल्या अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, करोना झाला, आणि घरखर्चाचा प्रसिद्ध झालेला हिशेब एकही नाही.

त्यावर ठरतं काय?

आता मुद्द्याचं. हे सगळं कागदावरच राहतं का? नाही. १९७१ साली गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी याच पाहण्यांच्या आधारे भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळावेत यासाठी १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला माणशी पंधरा रुपये लागत, आणि खेड्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांना तेवढेही मिळत नव्हते. दारिद्र्यरेषेची चर्चा देशभर पोचवणाऱ्या कामांत हे काम मोठं होतं.

दुसरं उदाहरण थेट आपल्या घरातलं. रेशन दुकानात किंवा तहसीलमध्ये आपण ऐकतो, "इष्टांक शिल्लक नाही." हा इष्टांक कुठून आला? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं देशातल्या खेड्यांतल्या ७५ टक्के आणि शहरांतल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य द्यायचं ठरवलं. कोणत्या राज्याला किती, हे २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून काढलं. महाराष्ट्राच्या वाट्याला खेड्यांतले ७६ टक्के आणि शहरांतले ४५ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी लोक आले. म्हणजे आपल्या कार्डावर नाव चढतं की नाही, याची वरची मर्यादा त्या पाहणीतल्या काही हजार घरांच्या उत्तरांवरून ठरली. महागाईचा आकडा काढताना तेलाला किती वजन, शाळेच्या फीला किती, हेही याच पाहणीवरून ठरतं.

"मग खर्च कमीच सांगावा, म्हणजे वाटा वाढेल," असं एखादी हुशार बाई म्हणेल. पण कुणी भीतीनं कमी सांगतं, कुणी चारचौघांत मान राहावा म्हणून जास्त सांगतं. दोन्ही मिसळलं की आकडा कुठल्या बाजूला कलेल याचा नेम नाही. आणि तेलाचा खर्च सगळ्यांनी कमी सांगितला, तर उद्या तेल महागल्यावर महागाईच्या आकड्यात ते पुरतं दिसणार नाही. पाहणीत सांगितलेल्या गोष्टींवरून कुणा एका घराचं कार्ड काढत नाहीत. एकेका घराची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन कायद्यानं आहे. बाहेर येते ती सगळ्या घरांची बेरीज.

घराच्या आत काय?

या पाहणीला एक गोष्ट दिसत नाही. घरात महिन्याला किती दूध आलं हे तिला कळतं. ते कुणाच्या पेल्यात गेलं हे कळत नाही. घराचा खर्च भागिले माणसं, असा तिचा हिशेब. त्या भागाकारात सासरा, नवरा, पोरगा, सून, सगळे सारखे. मागून जेवणारी, तळाचं कालवण पुसून घेणारी बाई तिथे दिसतच नाही.

तिला शोधायला दुसरी पाहणी लागते: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते काम बघते. पहिली फेरी १९९२-९३ साली झाली, पाचवी २०१९-२१ मध्ये. यात १५ ते ४९ वयाच्या बायकांशी एकांतात बोलतात. संडास, गॅस, पाणी, बँक खातं विचारतात, मुलांची उंची-वजनं घेतात, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. या माहितीवरून नीती आयोगानं बारा निकष लावून गरिबी मोजली. महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये १०० पैकी सुमारे १५ लोक त्या मापानं गरीब होते, २०१९-२१ मध्ये सुमारे ८. चांगली गोष्ट आहे. पण त्याच दोन फेऱ्यांत महाराष्ट्रातल्या रक्त कमी असलेल्या बायका शंभरात ४८ वरून ५४ झाल्या. घराची गरिबी कमी झाली, घरातल्या बाईचं रक्त कमीच राहिलं. हे दोन्ही आकडे एकाच राज्यातले, एकाच काळातले आहेत. एकच बघून समाधान मानलं असतं, तर दुसरा कुणाच्या ध्यानातच आला नसता.

आपले कष्टही खर्चाच्या पाहणीत येत नाहीत. विकतचा पाण्याचा टँकर हिशेबात येतो, डोक्यावरून आणलेली घागर येत नाही. त्यासाठी देशात वेळेच्या वापराची पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २८९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ८८.

आपण काय करायचं?

कधी आपल्या गावात पाहणी आली, तर आधी ओळखपत्र बघा. ओटीपी किंवा एटीएमचा पिन कुणी मागितला, तर तो पाहणीवाला नव्हे, त्याला दारातूनच परत पाठवा. ओळख पटली की मात्र नीट बसा. बऱ्याच घरांत ओसरीवर कर्ता माणूस उत्तरं देतो आणि बाई आत चहा टाकते. मिठाची पुडी किती दिवस पुरते, तेल किती लागतं, दळण किती, हे त्याला कुठे माहीत? तो अंदाजानं सांगतो, आणि तो अंदाज देशाच्या हिशेबात जातो. चहा नंतर होईल. आधी बाहेर येऊन बसा आणि घरचं-विकतचं-रेशनचं सगळं सांगा.

पाहणी येण्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवा आणि एक महिना प्रत्येकीनं वही घाला. तीन रकाने पुरेत: विकत आणलेलं, घरचं, फुकट मिळालेलं. महिनाअखेर बेरीज करा, घरातल्या माणसांनी भागा. मग एक चौथा रकाना जोडा, ज्याला देशाच्या खर्च पाहणीत जागा नाही: दूध, अंडी, फळं घरात आली, त्यातलं आपल्या स्वतःच्या ताटात किती आलं? हा रकाना खरा लिहायचा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा अशीच वही घाला, त्याच मापानं. आपलं घर पुढे गेलं की मागे, आणि घराबरोबर आपणही पुढे गेलो का, हे तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.